मायांची शहरे आणि पोलादपूरचा उकिरडा

माया लोकांची जुनी शहरे अमेरिकेच्या मधल्या भागात, दाट रानात आहेत. मी तिकडे गेलेलो नाही आणि जाण्याचा संभवही नाही. त्यांच्याविषयी मला जी काही माहिती आहे ती पोलादपूरच्या मुलींच्या शाळेत, एका पडवीत बसून मिळाली. मी बार्शीचा राहणारा. बांधकाम खात्यात मोजमापे लिहिण्याचे काम करीत मला सत्तावीस वर्षे झाली. तेव्हा या लेखात जिथे लांबीरुंदी दिली आहे ती मी स्वतः फीत लावून घेतली असे समजावे; जिथे अदमास आहे तिथे तसे म्हटले आहे. माणसांची नावे बदलली आहेत, आणि ज्या बाईंची ही हकिगत आहे त्यांना विचारूनच लिहितो आहे.

माझ्या थोरल्या बंधूंची मुलगी कुसुम एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. पुढे ती पुण्यास शिकून मास्तरीण झाली आणि दोन वर्षांपूर्वी पोलादपूरला लागली. मार्गशीर्षात तिचे कार्ड आले : "शाळेत एकवीस मुली होत्या, आता आठ येतात. येत्या गुरुवारी तपासणीचे साहेब येणार आहेत. पंधरांहून कमी भरल्या तर शाळा बंद होईल. चूक माझी नाही. काळजी नसावी."

वहिनींनी ते कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. "काळजी नसावी म्हणे," त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही जा आणि तिला घेऊन या. तिथं कोण आहे तिचं?"

मी सहा दिवसांची रजा काढली.

सोमवार : घाट उतरताना

महाबळेश्वरपर्यंतच्या प्रवासात लिहिण्यासारखे काही नाही. तिथून पोलादपूर पंचवीस मैलांच्या आसपास, सगळा उतार. मोटारीत आम्ही सातजण आणि काकवीचे चार डबे. मी वळणे मोजू लागलो होतो, पण दोनदा डोळा लागला, म्हणून तो आकडा देत नाही. आमच्याकडे जमीन ताटासारखी; माणूस दोन मैलांवरून दिसतो. इथे शेजारचे घर डोक्यावर नाहीतर पायाखाली. उतारावर नाचणीची कापणी उरकली होती आणि खळ्यांवर कणसे बडवण्याचा आवाज दरीपलीकडून उशिराने ऐकू येत होता.

अर्ध्या वाटेत मोटारीतले पाणी उकळले. ड्रायव्हर उतरला. डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई वर येत होती, तिच्याकडे त्याने पाणी मागितले.

"गाडीला पायजे? आन् ही बसलीत ती मानसं नाय का?" असे म्हणून तिने आधी आम्हाला ओंजळ ओंजळ पाजले आणि उरलेला हंडा ड्रायव्हरला दिला.

झरा किती लांब, असे मी विचारले.

"हा काय, हितंच."

"किती पावलं?"

"मोजून कोन चालतं ओ?" ती हसली, पण मग थांबून म्हणाली, "पाच इसा असतील. वर दोन इसा चढ."

इसा म्हणजे वीस. एकशेचाळीस पावले झाली. आम्हाला एक हंडा पाजून ती बाई तेवढी पावले पुन्हा गेली. मी फक्त आभार मानले.

पोलादपूरला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. कुसुम नाक्यावर उभी होती. वाळली होती, पण चेहरा शांत. "काका, तुम्ही मला न्यायला आलात ना?" हेच पहिले वाक्य. मी हो म्हटले. खोटे बोलून काय उपयोग?

मंगळवार : पडवीतली शाळा

शाळा बाबूशेट नावाच्या व्यापाऱ्यांच्या घराला लागून आहे. जागा त्यांनीच दिलेली. पडवी अठरा फूट लांब, साडेनऊ फूट रुंद, शेणाने सारवलेली. कुसुमची खोलीही त्याच पडवीच्या टोकाला. शेट दुकानात गूळ, पोहे, वाणसामान विकतात. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशीच्या भजनात त्यांचा टाळ पहिला. त्यांच्या कुटुंबाने, मथुराबाईंनी, सकाळीच माझ्यासाठी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी कुंपणावरून पाठवली होती. आमच्याकडे कुळीथ जनावरांना घालतात. मी दोनदा मागून घेतली.

आठ मुली ओळीने बसल्या. कुसुमने जमिनीवर चुन्याने पायऱ्यापायऱ्यांचे एक उंच देऊळ काढले होते. तिने विचारले, "कुठवर आलो होतो?"

"त्या मायांकडं बैल नव्हता, गाडी नव्हती, लोखंड नव्हतं," एक जण म्हणाली.

"कशावरून?"

"खणलं तर लोखंड गावलं नाय."

"गावलं नाही म्हणजे नव्हतंच?"

ओळीतली शेवटची मुलगी म्हणाली, "गंजून गेलं असंल, बाई."

"शाबास. पण इतक्या ठिकाणी खणलं आणि कुठं गंजाचा डागही नाही. म्हणून आपण काय म्हणायचं? बहुधा नव्हतं."

मग तिने एका इंग्रजी मासिकातले चित्र फिरवले. तीन पायांचा खोलगट दगड आणि एक लांबोडा दगड. मुली एकदम ओरडल्या, "पाटा-वरवंटा!" त्यावर मका वाटत. वाटणारी बाई बसे कशी, यावर वाद झाला, तेव्हा दोघींनी आतून पाटा आणून विटांवर ठेवला आणि एकीने गुडघे टेकून, दुसरीने मांडी घालून वाटून पाहिले. गुडघेवाली जिंकली. त्या लोकांचे आकडेही कुसुमने काढले. एकाला एक टिंब, पाचाला एक आडवी रेघ, आणि वीस झाले की वरचे घर.

"म्हंजे इसा!" एक मुलगी म्हणाली. "माझी आय तसंच मोजते. मग आमाला शाळेत शंभरानं का शिकवता?"

"दोन्ही यायला हवं. आईचं चुकीचं नाही," कुसुम म्हणाली.

त्या लोकांची अक्षरे अजून कोणाला लागत नाहीत. दगडावरच्या तारखा आणि मोजण्या तेवढ्या वाचता येतात, असे तिने सांगितले. हे ऐकून मला त्या लोकांविषयी आपुलकी वाटली.

"मग त्यांनी ती शहरं सोडली कशापायी?"

"माहीत नाही," कुसुम म्हणाली. "त्यांचे वंशज त्याच मुलुखात अजून शेती करतात. पण शहरं का ओस पडली ते अजून नीट कळलेलं नाही."

आमच्या वेळी मास्तर 'माहीत नाही' असे कधी म्हणाले नाहीत. मुलींना मात्र त्यात काही वावगे वाटले नाही.

शाळा सुटल्यावर तिने मला झालेला प्रकार सांगितला. मायांविषयीची पुष्कळ माहिती त्यांच्या कचऱ्याच्या ढिगांतून मिळाली आहे. "देऊळ राजा मुद्दाम बांधतो, काका. उकिरडा कोणी मुद्दाम रचत नाही. म्हणून त्याच्याकडून जास्त कळतं." मुलींनी हे हाताने करून पाहावे असे तिला वाटले. बाबूशेटांच्या परसातला उकिरडा उन्हाळ्यात शेतात गेला होता, म्हणजे आताचा ढीग बरोबर या सालाचा. शेटना विचारले तर ते म्हणाले, "खणा की! मी पण बघतो." आणि खुर्ची टाकून बसले.

मुलींनी दोन फूट रुंद चर खणला. तळाशी आंब्याच्या कोयी, म्हणजे वैशाख-ज्येष्ठ. त्यावर फणसाच्या आठळ्यांची साले. वरच्या बाजूस दिवाळीच्या फुटक्या पणत्या. कुसुमने विचारले, मधले थर कोण वाचील? शेटांचीच मुलगी सुशीला, वय दहा, उभी राहिली. शेट कौतुकाने पुढे सरकले.

"ह्या चुना लावलेल्या खापऱ्या गोपाळकाल्याच्या हंडीच्या," ती म्हणाली. "खाली ह्या शेंड्या नारळी पौर्णिमेच्या नारळांच्या. आणि दोहोंच्या मधे मुठ्यांच्या नांग्या. म्हंजे, बाई, श्रावणात, पौर्णिमेच्या नंतर आणि काल्याच्या आधी, आमच्या घरी मुठे रांधले!"

मुठे म्हणजे शेतात मिळणारे लहान खेकडे. उत्तर इतके चोख होते की सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. शेट उठले, खुर्ची उचलली आणि घरात गेले. दुसऱ्या दिवशी सुशीला आली नाही. शेटांच्या सांगण्यावरून आणखी बारा जणींना घरच्यांनी पाठवले नाही.

"शेट म्हणतात, वर्गात सांगा की ही विद्या खोटी आहे. एवढं म्हटलं तर मुली परत येतील."

"मग?"

"काका, तुम्ही पुस्तकात चुकीचं माप लिहाल का?"

फीत घेऊन परसात गेलो. चर झावळीने झाकलेला होता, कडा शाबूत. खापऱ्यांचा थर वरून एक फूट चार इंचांवर, नांग्या एक फूट सहावर, शेंड्या एक फूट नऊवर. नांग्या मोठ्या सहा, लहान पाच. शेटांच्या मागच्या दारापासून ढीग चौदा फूट. पलीकडे कुंपणात एक खिंडार आहे. त्यातून सोमी नावाची कातकरीण मोळ्या आणि कधी मुठे विकायला येते, असे कुसुम म्हणाली. मुलीने वाचण्यात चूक केली नव्हती.

संध्याकाळी मी शेटांच्या ओसरीवर गेलो.

"या भाऊसाहेब, बसा. चहा घ्याल ना? आमच्या घरचा चालेल ना? नाही, विचारलेलं बरं. आमच्या घराचं हल्ली काही सांगता येत नाही."

मी चहा घेतला. शेट दुष्ट माणूस नाही. ते दुखावले होते.

"एकादशीला भजनाला गेलो. टाळ उचलला तर मागून एक जण म्हणतो, शेट, टाळ हायत की नांग्या? सगळी मंडळी हसली. पंचवीस वर्षांची माळ हाय ही, भाऊसाहेब."

"मुलीनं जे दिसलं ते सांगितलं."

"दिसलं! चार दिवस उकिरडा उकरून माझ्यापेक्षा जास्त दिसलं? तुमच्या पुतणीनं एक वाक्य बोलायचं. जमत नसेल तर घेऊन जा तिला. मीपण वर कळवलं आहे."

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

बुधवार : महाडला जाऊन येणे

तपासणीच्या साहेबांचा मुक्काम महाडला होता. अंतर अकरा मैल. वाट बहुतेक सावित्रीच्या सोबतीने जाते. आमच्याकडच्या नद्या मार्गशीर्षात वाळूच्या पट्ट्या होतात. ही अजून वाहत होती.

साहेब मध्यम वयाचे, सभ्य. मी तपासणी पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का असे विचारले. त्यांनी नियम दाखवला.

"चौदा भरल्या तर?" मी म्हटले.

"तर चौदा."

मीही हेच उत्तर दिले असते. त्यांच्याजवळ जागामालकांचा अर्जही आलेला होता : बाई मुलींना निराधार गोष्टी शिकवतात. "उद्या मी दोघांनाही विचारीन," ते म्हणाले.

परतीच्या मोटारीला अवकाश होता. खाणावळीत जेवलो. आमटीला चिंचेऐवजी आमसूल. पहिल्या घोटाला दचकलो, मग बरी लागली. बाजार पाहिला आणि तळ्यावर गेलो. त्या तळ्याच्या पाण्यावरून काय झाले ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. मी काठावर उभा राहिलो. पाणी स्वच्छ होते, आणि माणसाने माणसाला पाणी घेऊ नये असे म्हणण्याचे कारण त्यात दिसले नाही. छत्री खाणावळीत विसरलो ती गेलीच.

पोलादपूरला परतलो, तर परसाच्या कुंपणापाशी मथुराबाई उभ्या होत्या. "काका, जरा थांबा," त्या हळूच म्हणाल्या. शेट दुकानात होते.

"आषाढात आमची सुशीला तापानं पडली. दीड महिना. ताप गेला पण अंगात काही उरलं नाही. मांडीवर घेतली तर कापसागत. औषधं झाली, अंगारे झाले. सोमी म्हणाली, मुठ्यांचं सार पाज, माझी पोर त्यानंच उठली. मी पाजलं. तीन दिवस. पोरीला सांगितलं कुळथाचं कढण हाय. चौथ्या दिवशी भिंत धरून चालली."

"शेटना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? ते तुळशीपुढं बसून रडत होते, काका. पोर चालली तेव्हा म्हणाले, माळेनं वाचवली. मी म्हटलं, होय." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "आता त्या बाईंची शाळा माझ्यापायी मोडणार का?"

मी म्हटले, "वहिनी, हे माझ्याकडून बाहेर जाणार नाही." त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही हे माझ्या नंतर लक्षात आले.

जेवताना मी कुसुमला एक तोड सांगितली. नांग्या तिथे आहेत हे खरे. पण त्या कोणी रांधल्या, कोणी टाकल्या, हे चरात कुठे लिहिले आहे? कुंपणाला खिंडार आहे. तेवढेच म्हणावे, त्यात खोटे काही नाही.

कुसुमने घास खाली ठेवला. "हे बरोबर आहे. सुशीला 'आमच्या घरी' म्हणाली तेव्हाच मी 'कशावरून' विचारायला हवं होतं. उत्तर आवडलं म्हणून विचारलं नाही. ती चूक माझी." मग तिने विचारले, "काका, तुम्हाला माहीत आहे का कोणी रांधले?"

मी म्हटले, "ताक वाढ."

तिने ताक वाढले आणि पुन्हा विचारले नाही.

गुरुवार

सकाळी आठला आम्ही दोघे शेटांच्या ओसरीवर गेलो. कुसुम उभी राहूनच बोलली.

"शेट, मुलींना मी त्यांच्या पुराव्यापेक्षा जास्त बोलू दिलं. नांग्या सापडल्या एवढंच खरं. त्या कोणाच्या घरातल्या, हे ढिगावरून सांगता येत नाही. हे मी वर्गात सांगेन. पण नांग्या नव्हत्याच, असं मी म्हणणार नाही."

शेटांनी ते मनातल्या मनात उलटसुलट केले. "म्हणजे टाकणारा दुसरा कोणी असू शकतो?"

"असू शकतो."

"मग झालं तर!" त्यांच्या अंगात एकदम जीव आला. "माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं. ती सोमी! मुठे विकते, खाते, आणि घाण आमच्या परसात! आज येऊ दे तिला. या आळीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मोळी नको न् काही नको, सगळ्या दुकानदारांना सांगतो."

माझे वाक्य मी तोलूनमापून बनवले होते, त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि ते नेमके त्या गरीब बाईच्या डोक्यावर जाऊन पडले होते. कुसुमने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडणार, तोच मथुराबाई दारातून ओसरीवर आल्या. परक्या पुरुषासमोर त्या आजवर ओसरीवर आलेल्या नव्हत्या.

"तिला कशाला बोल लावता? मी रांधले."

शेटांना कळलेच नाही. "काय रांधलंस?"

"मुठे. मागच्या चुलीवर. सुशीलाला पाजले. तिला ठाऊक नव्हतं. सोमीनं आणून दिले आणि तिनं काही घेतलंसुद्धा नाय."

आत सुशीला तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबलेला सुपाचा आवाज बंद पडल्यावरून कळला.

"मला सांगायचं होतंस," शेट म्हणाले.

"सांगितलं असतं तर पाजू दिलं असतंत?"

शेटांनी माळ चिमटीत धरली. फार वेळ धरून राहिले. मी घड्याळ पाहिले नाही, म्हणून किती ते सांगत नाही. मग त्यांनी आत हाक मारली. "सुशे, ये गो इकडं." ती आली. तिच्या दंडाभोवती त्यांनी बोटे लावून पाहिली, जशी आजारात रोज लावून पाहत असावेत. आता बोटे पुरत नव्हती.

"जा. पाटी घे. शाळेत जा," ते म्हणाले, आणि चप्पल घालून बाजाराकडे निघाले.

साहेब साडेदहाला आले. तोवर सुशीलासकट नऊ मुली होत्या. कुसुमने हजेरी सुरू केली. तिचे नावे घेणे नेहमीपेक्षा संथ होते असे मला वाटले, पण ती तसे मान्य करीत नाही. अकरावे नाव चालू असताना बाबूशेट आले. त्यांच्यामागे मुली होत्या, कोणाची वेणी अर्धी, कोणाचे हात शेणाचे. शेट घरोघर गेले होते. मी मोजल्या. साहेबांनीही मोजल्या. सतरा.

साहेबांनी तो आकडा लिहिला, मग खिशातून अर्ज काढला. "हा आपलाच ना? बाई निराधार गोष्टी शिकवतात म्हणून?"

बाजारातले चारपाच लोक पडवीच्या बाहेर उभे होते. त्यांत भजनातले दोघे होते हे मला कुसुमने मागून सांगितले.

"माझाच," शेट म्हणाले.

"मग निराधार काय, ते सांगा."

शेटांनी मुलींकडे पाहिले, बाहेरच्या मंडळींकडे पाहिले. गळ्यातली माळ सदऱ्याच्या वर आली होती, ती त्यांनी आत सारली नाही.

"अर्ज खोटा हाय, साहेब," ते म्हणाले. "मुठे माझ्या घरात रांधले होते. माझ्या पोरीनं बरोबर वाचलं."